वैर नव्हे, शिकार : मांजरांवर हल्ले करणाऱ्या कुत्र्यांविषयीचे गैरसमज

कुत्रा आणि मांजर यांच्यात जन्मजात वैर असते, ही समजूत इतकी रुळलेली आहे की एखाद्या कुत्र्याने पाळीव मांजर फाडल्यानंतरही घडल्या प्रकाराचे कारण म्हणून तीच पुढे केली जाते आणि चौकशी तेथेच थांबते. वैर गृहीत धरले की कोणाचाच दोष उरत नाही. कुत्रा पट्ट्याविना का फिरत होता, फाटक उघडे कोणी ठेवले, याच कुत्र्याने पूर्वी एखाद्या मांजराचा पाठलाग केला होता काय, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास मात्र निराळे सांगतो. मांजरामागे धावणारा कुत्रा बहुतेक वेळा रागावलेला नसतो, तो शिकार करत असतो. आणि राग व शिकार या दोन वर्तनांची मुळे, लक्षणे व त्यांवरील उपाय सर्वस्वी वेगळे आहेत.

भीतीपोटी, हद्दीच्या रक्षणासाठी किंवा अन्न राखण्यासाठी कुत्रा जे आक्रमण करतो, त्याचा हेतू समोरच्याला दूर ठेवणे हा असतो, म्हणून तो आधी गुरगुरतो, दात दाखवतो, पाठीवरचे केस उभारतो आणि समोरचा मागे हटला की बहुधा शांत होतो. शिकारीत अंतर वाढवायचे नसून मिटवायचे असते. त्यामुळे कुत्रा आवाज करत नाही, अंग जमिनीलगत आणतो, नजर एका बिंदूवर खिळवतो आणि मांजर पळताच झेपावतो. हेरणे, नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग, पकड, ठार करणारा चावा, फाडणे आणि खाणे अशी ही क्रमबद्ध साखळी असते. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवले की माणसाने निरनिराळ्या कामांसाठी कुत्र्यांची पैदास करताना या साखळीतील काही दुवे बळकट केले, तर काही क्षीण केले. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणे आणि पाठलाग तीव्र असतो, पण चावा दबलेला असतो. उंदीर मारण्यासाठी जोपासलेल्या टेरियरमध्ये पकडून झटके देण्याची प्रवृत्ती प्रबळ असते. महाराष्ट्रातील करवानी आणि पश्मी किंवा कर्नाटकातील मुधोळ हे कुत्रे दृष्टीच्या आणि वेगाच्या जोरावर ससा गाठण्यासाठीच वाढवले गेले. असा कुत्रा घरातल्या माणसांशी अत्यंत मृदू असू शकतो आणि त्याच दिवशी कुंपणावरून उतरणाऱ्या मांजराचा जीवही घेऊ शकतो; या दोन गोष्टींत विसंगती नाही. म्हणूनच ‘आमचा कुत्रा साधा गुरगुरतसुद्धा नाही’ ही मालकाची ग्वाही शेजारच्या मांजराच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

येथून दुसरा गैरसमज निघतो, तो म्हणजे धोका ठरावीक ‘हिंस्र’ जातींपुरताच असतो. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास राज्यांना सांगितले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते रद्द ठरवले. त्या यादीचे गुणदोष काहीही असोत, तिचा रोख माणसांना असलेल्या धोक्यावर होता. मांजराचे वजन साधारण तीन ते पाच किलो असते आणि तेवढ्या शरीराला प्राणघातक इजा करण्यास मध्यम बांध्याचा कोणताही कुत्रा पुरेसा असतो. जातीपेक्षा त्या विशिष्ट कुत्र्याचा पूर्वेतिहास अधिक बोलका असतो, आणि दोन-तीन कुत्रे एकत्र असतील तर एकट्याने नुसता पाहत राहणारा कुत्राही पाठलागात सामील होतो.

कच्चे मांस दिल्याने कुत्र्याला रक्ताची चटक लागते, हेही पुष्कळांचे ठाम मत आहे. आहार आणि शिकारी वर्तन यांचा असा सरळ संबंध नाही. दूध-पोळीवर वाढलेला कुत्राही मांजर मारतो आणि मारल्यावर बहुधा ते खातही नाही, कारण शिकारीची ऊर्मी भुकेपासून बरीचशी स्वतंत्र असते. या समजुतीतला खरा अंश वेगळा आहे. पाठलाग ही क्रिया स्वतःच कुत्र्याला सुख देते, म्हणजे तिच्यासाठी बाहेरून बक्षीस द्यावे लागत नाही. वर्तनशास्त्रात अशा कृतीला स्वयंप्रबलित म्हणतात. प्रत्येक पाठलागागणिक पुढचा पाठलाग अधिक सहज आणि अधिक वेगाने घडतो. एकदा धावला म्हणून काय झाले, असे म्हणून पहिल्या प्रसंगाकडे दुर्लक्ष करणारा मालक प्रत्यक्षात कुत्र्याला सरावाची संधी देत असतो.

खच्चीकरण किंवा नसबंदी केली की कुत्रा मवाळ होतो आणि मांजरांचा नाद सोडतो, ही अपेक्षाही बहुधा फोल ठरते. नर कुत्र्याचे वृषण काढल्यावर लैंगिक संप्रेरकांवर अवलंबून असलेली वर्तने, म्हणजे मादीच्या शोधात भटकणे किंवा जागोजागी लघवी करून हद्द आखणे, सामान्यतः कमी होतात. शिकारी वर्तन या संप्रेरकांच्या आधारावर उभे नसते. भटकणे कमी झाल्याने मांजर वाटेत येण्याचे प्रसंग कमी होतील, एवढाच अप्रत्यक्ष लाभ होतो. शस्त्रक्रिया इतर कारणांनी इष्टच आहे, पण तिच्या भरवशावर पट्टा सोडता येत नाही.

मारहाणीविषयीचा गैरसमज सर्वांत क्रूर आणि सर्वांत निरुपयोगी आहे. मेलेले मांजर कुत्र्याच्या नाकाशी घासणे, घटनेनंतर त्याला बडवणे, विजेचा झटका देणारा पट्टा वापरणे असे प्रकार ‘धडा शिकवण्यासाठी’ केले जातात. शिक्षा आणि कृती यांत काही क्षणांचेही अंतर पडले तर कुत्र्याला त्यांचा संबंध जोडता येत नाही. आणि झटका नेमका मांजर दिसताना बसला, तर मांजर दिसणे म्हणजे वेदना, असा संबंध त्याच्या मनात पक्का होतो, ज्यामुळे मुळात शिकारीपुरत्या असलेल्या वर्तनात भय आणि चीड यांची भर पडते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मारणे, दरडावणे, बळाने खाली दाबणे अशा उपायांना अनेक कुत्र्यांनी आपल्या मालकावरच आक्रमण करून उत्तर दिल्याचे आढळले होते.

उलट टोकाची समजूत अशी की दोघांना एका खोलीत सोडले की त्यांचे आपोआप जुळते. कुत्र्याच्या पिल्लाचा साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांचा काळ हा समाजीकरणाचा संवेदनक्षम काळ असतो, म्हणजे या दिवसांत सहवासात आलेल्या प्राण्यांना ते ‘आपल्यातले’ म्हणून स्वीकारते. मांजराच्या पिल्लात हा काळ याहून लवकर, सुमारे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत येऊन जातो. या वयात मांजरासह वाढलेला कुत्रा पुढे त्या मांजराशी निर्धोक वागण्याची शक्यता बरीच असते, परंतु ही मैत्री त्या मांजरापुरतीच राहू शकते आणि घरच्या मांजराच्या अंगावर डोके टेकून झोपणारा कुत्रा दारापुढून पळणाऱ्या परक्या मांजरामागे धावतो. ज्या प्रौढ कुत्र्याने एकदा मांजर मारले आहे, त्याला मांजराच्या घरात आणून ‘सवय लावणे’ हा मांजराच्या जिवावर केलेला प्रयोग होय आणि तो करू नये.

उपाय आहेत, मात्र त्यांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी संधी बंद करावी लागते, प्रशिक्षण नंतर येते. संधी बंद करणे म्हणजे घराबाहेर सदैव पट्टा, आपोआप लागणारे फाटक, उडी मारून ओलांडता येणार नाही असे कुंपण आणि सराईत पाठलाग करणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचे मुसके. हे मुसके असे हवे की आत कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल, कारण कुत्र्याच्या शरीरातील उष्णता मुख्यतः धापांवाटे बाहेर पडते. तोंड घट्ट आवळणारा कापडी पट्टा महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात फिरताना बांधणे घातक आहे. प्रशिक्षणात, जितक्या अंतरावरून मांजर दिसूनही कुत्रा शांत राहतो तितक्या अंतरापासून आरंभ करून, मालकाकडे वळून पाहिल्याबद्दल त्याला आवडता खाऊ देत ते अंतर हळूहळू घटवले जाते. याने वर्तन ताब्यात येते. प्रवृत्ती नाहीशी होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या प्रशिक्षकापासून दूर राहणेच बरे.

प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी माणसे सर्वांत आधी जे करतात, तेच नेमके टाळायला हवे. कुत्र्याच्या जबड्यात हात घालणे किंवा मांजराला धरून ओढणे यामुळे माणूस जखमी होतो आणि मांजराच्या जखमा आणखी फाटतात. बादलीभर पाणी तोंडावर फेकणे, नळाच्या रबरी पाइपचा झोत सोडणे, मोठा आवाज करणे, जाड चादर टाकणे, मध्ये खुर्ची किंवा फळी सरकवणे यांनी पकड सुटण्याची शक्यता अधिक असते. सुटलेले मांजर भेदरलेले असल्याने आपल्याच माणसाला चावते, म्हणून त्याला टॉवेलात गुंडाळून उचलावे.

यानंतरचा गैरसमज अनेक मांजरांच्या मृत्यूला कारण होतो, म्हणून त्याविषयी अधिक स्पष्ट बोलायला हवे. कातडीवर दोन-चार बारीक भोके दिसतात, रक्त फारसे नसते, मांजर कपाटाखाली जाऊन निपचित बसते आणि घरचे लोक ‘थोडक्यात निभावले’ म्हणतात. मांजराची कातडी सैल असल्यामुळे कुत्र्याचा सुळा आत शिरून झटका बसला की कातडी सरकते, पण तिच्याखालचे स्नायू चिरडले जातात, बरगड्या मोडतात, छातीच्या पोकळीत हवा शिरते, छाती व पोट यांमधला पडदा फाटू शकतो. कुत्र्याची लाळ निर्जंतुक असते, हाही निव्वळ भ्रम आहे. चाव्यासोबत जिवाणू खोलवर पेरले जातात आणि पू होण्याचे चिन्ह एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणून जखम कितीही क्षुल्लक दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडून तपासणी आणि गरजेप्रमाणे क्ष-किरण चित्र अनिवार्य मानावे. घरगुती उपचारांत दोन गोष्टी विशेष धोक्याच्या आहेत. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये, कारण हे औषध निरुपद्रवी करणारी प्रक्रिया मांजराच्या यकृतात अत्यंत तोकडी असते आणि एका गोळीनेही रक्तातील लाल पेशींची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट होऊन ते दगावू शकते. डेटॉलसारखी फिनॉल वर्गातील जंतुनाशकेही मांजराला विषारी ठरतात, आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे ती पोटात जातात.

रेबीजचा प्रश्न मांजर आणि माणूस दोघांचाही असतो. कुत्रा चावलेल्या मांजराला रेबीज होऊ शकतो आणि ते मांजर पुढे माणसाला तो देऊ शकते, त्यामुळे आधी लस दिलेली असली तरी चाव्यानंतरच्या लशींचे वेळापत्रक पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे लागते. सोडवासोडवीत माणसाला ओरखडा किंवा चावा बसल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या जुन्या भीतीने आजही लोक उपचार टाळतात. ती लस भारतात २००५ पूर्वीच बंद झाली असून आताच्या लशी दंडात मोजक्या वेळा दिल्या जातात, खोल चाव्याला जोडीने जखमेभोवती रेबीजविरोधी प्रतिद्रव्येही टोचली जातात.

कायद्याबाबत दोन परस्परविरोधी गैरसमज आढळतात: मांजरासाठी कायदाच नाही, आणि पोलिसांत गेले की कुत्र्याला लगेच उचलून नेतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ताब्यातील प्राण्याबाबत पुरेशी दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण या कलमाला मानवी जीविताचा किंवा माणसाला जबर दुखापतीचा संभाव्य धोका अभिप्रेत आहे, त्यामुळे केवळ मांजर मेल्याची तक्रार त्यात सहज बसत नाही. मालकाने मुद्दाम कुत्रा मांजरावर सोडला असेल तर गोष्ट बदलते. प्राण्याला ठार मारण्याची, विष घालण्याची किंवा अपंग करण्याची आगळीक कलम ३२५ खाली येते आणि तिला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, जरी पहिल्या वेळचा त्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतका लाजिरवाणा आहे. केवळ निष्काळजीपणा असेल तर खरा मार्ग दिवाणी भरपाईचा, आणि तेथे निर्णायक ठरते ते मालकाला कुत्र्याची खोड आधीपासून ठाऊक होती की नाही. म्हणून पहिल्या पाठलागानंतरच मालकाला आणि गृहनिर्माण संस्थेला लेखी कळवणे, छायाचित्रे व पशुवैद्याची बिले जपणे, पालिकेच्या परवान्याची आणि लसीकरणाची विचारणा करणे याला मोल आहे. संस्थेला मात्र ठराव करून कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

हल्ला करणारा कुत्रा मोकाट असेल तर त्याला दूर सोडून देण्याची मागणी होते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी व लसीकरणानंतर कुत्रा पकडल्या जागीच परत सोडावा लागतो. रेबीजबाधित, तसा संशय असलेला किंवा आक्रमक वर्तन करणारा कुत्रा यांना सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात अपवाद केले. चिडून विष घालणारा माणूस मात्र वर सांगितलेल्या कलम ३२५ चा आरोपी होतो, आणि ते विष परिसरातील मांजरेही खातात. मोकाट कुत्र्यांच्या वस्तीत मांजर वाचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला घरात, जाळी लावलेल्या गॅलरीत ठेवणे. मांजर झाडावर चढून निसटते, हा विश्वास जवळ झाड असेल आणि ते गाठण्याइतका अवधी मिळेल तेव्हाच खरा ठरतो.

मांजर मारणारा कुत्रा उद्या मूल मारील, या भीतीने असे कुत्रे घाईघाईने कोणाला तरी देऊन टाकले जातात. मांजराची शिकार आणि माणसावरील आक्रमण या वेगळ्या गोष्टी असल्याने एकावरून दुसऱ्याचे भाकीत करता येत नाही, तथापि तान्ह्या बाळाजवळ कोणताही कुत्रा देखरेखीविना ठेवू नये, हे या कुत्र्यालाही लागू आहे. कुत्रा दुसऱ्या घरी देणे कधीकधी योग्य असते, विशेषतः त्या घरात आणि आसपास मांजरे नसतील तेव्हा. पण त्याने कधी, किती आणि कशी मांजरे मारली, हे नव्या मालकाला लेखी सांगितल्यावाचून दिलेला कुत्रा नव्या गल्लीतल्या पहिल्या मांजराला त्याच धोक्यात लोटतो.