विश्लेषण : हिमालयन, केटीएम की अपाचे? 'अ‍ॅडव्हेंचर' मोटारसायकलच्या किमतीचे आणि सर्व्हिसचे गणित काय?

उंच हँडल, चोचीसारखा पुढचा मडगार्ड आणि मागे सामानाची रॅक असलेली मोटारसायकल आता लडाखच्या वाटेवरच नव्हे, तर ताम्हिणी आणि वरंध घाटातही सर्रास दिसते. दहा वर्षांपूर्वी मध्यम किमतीत असा पर्याय जवळपास नव्हता. आज दोन ते पावणेचार लाख रुपयांत अर्धा डझन गाड्या आहेत. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेल्या जीएसटीने या वर्गाच्या मधोमध रेघ ओढली आहे. त्यामुळे गाडी निवडण्याआधी ग्राहकाने नेमके काय तपासावे?

३५० सीसीची रेघ एवढी महत्त्वाची का?

पूर्वी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्या दुचाकींवर २८ टक्के जीएसटी अधिक ३ टक्के उपकर. म्हणजे दोघांत फरक अवघा तीन टक्क्यांचा. नव्या रचनेत छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि मोठ्या ४० टक्क्यांवर गेल्या. फरक २२ टक्क्यांचा झाला. जुन्या दराने तीन लाख रुपयांना असलेली ४०० सीसीची गाडी निव्वळ करामुळे सुमारे साडेवीस हजारांनी महागते, तर दोन लाखांची २५० सीसीची गाडी साडेपंधरा हजारांनी स्वस्त होते. काही कंपन्यांनी वाढीव कर काही काळ स्वतः सोसला. पण अशी सवलत कायमची धरून चालता येत नाही.

रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० (४५२ सीसी), केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर (३९९ सीसी) आणि ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स (३९८ सीसी) या रेघेच्या वर आहेत. टीव्हीएस अपाचे आरटीएक्स ३००, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स (२४९ सीसी) आणि हिरो एक्सपल्स २१० खाली. गंमत अशी, की ४००च्या गाड्या आरामासाठी घेतलेल्या 'चैनीच्या वस्तू' ठरल्या आणि ३४९ सीसीची बुलेट सर्वसामान्यांची.

शोरूमच्या किमतीवर आणखी किती?

जाहिरातीतली किंमत 'एक्स-शोरूम' असते. महाराष्ट्रात पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकींवर एकरकमी मोटार वाहन कर ९९ सीसीच्या वर ११ टक्के आणि २९९ सीसीच्या वर १२ टक्के आहे. नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आणि ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे तीन लाखांच्या ४०० सीसी गाडीवर कर आणि हा विमा मिळून ५१ हजार, तर दोन लाखांच्या २५० सीसी गाडीवर साधारण २९ हजार. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, नोंदणी आणि क्रॅश गार्ड यांचा खर्च त्यानंतर.

विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असे बंधन नाही. 'हाताळणी शुल्क' म्हणून काही लावले असेल तर ते कोणत्या सेवेचे, हे पावतीवर लिहून मागावे. बहुतेक वेळा लिहून मागितले की ते गळते.

हिमालयन की ३९० अ‍ॅडव्हेंचर?

खरी तुलना इथेच आहे. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील मोटोव्हर्स मेळ्यात २ लाख ६९ हजारांना आली. जानेवारी २०२४ मध्ये ती २ लाख ८५ हजारांवर गेली आणि नव्या करानंतर तीन लाखांच्या पुढे. नवी ३९० अ‍ॅडव्हेंचर जानेवारी २०२५ मध्ये ३ लाख ६८ हजारांना, तर तिचे साधे रूप 'एक्स' २ लाख ९१ हजारांना आले.

कागदावर दोघींची ताकद फार वेगळी नाही. हिमालयन ४० पीएस आणि ४० न्यूटन मीटर, केटीएम ४६ पीएस आणि ३९ न्यूटन मीटर. स्वभाव मात्र वेगळे. हिमालयन वजनाने १९६ किलो; केटीएम तिच्यापेक्षा डझनभर किलोंनी हलकी. चिखलात गाडी पडल्यावर एकट्याने उचलायची असेल तेव्हा हा आकडा आठवतो. उलट हिमालयनची टाकी १७ लिटरची, केटीएमची साडेचौदा. मनाली-लेह मार्गावर तांडीच्या पेट्रोल पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी प्रसिद्ध पाटी होती. लिटरला ३० किलोमीटर धरले तर दोन्ही गाड्या ते अंतर कापतात. पण मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान आणि चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास, असे असेल तर अडीच लिटर जास्त असलेले बरे.

केटीएमच्या महाग गाडीत सस्पेन्शन रस्त्याप्रमाणे कमी-जास्त करता येते आणि पुढचे चाक २१ इंचांचे, तारांचे आहे. 'एक्स'मध्ये पुढे १९ इंची अलॉय चाक आहे आणि सस्पेन्शनला ती सोय नाही. पाऊण लाखाचा फरक मुख्यतः याचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. ज्याचे नव्वद टक्के फिरणे डांबरावर आहे त्याला 'एक्स' पुरते, आणि ट्यूबलेस टायरमुळे पंक्चर काढणे सोपे जाते. हिमालयनमध्ये सुरुवातीला तारांच्या चाकांना ट्यूब होती. ट्यूबलेस तारांची चाके नंतर, २०२४ मध्ये जादा पैसे घेऊन मिळू लागली. जुनी घेणाऱ्याने हे आधी पाहावे.

आसनाची उंची दोघींची साधारण ८२५ ते ८३० मिलिमीटर. पाच फूट पाच इंचांच्या चालकाने शोरूममध्ये बसून नव्हे, तर उतारावर थांबून पाय टेकतात का ते पाहावे. स्क्रॅम्बलर ४०० एक्स या दोघींइतकी डोंगरातली नाही. समोर वारा अडवणारी काच नाही आणि टाकी छोटी आहे. शहरात मात्र ती तिघींत सर्वांत सुखाची.

दोन लाखांतल्या गाड्या कमी पडतात का?

सह्याद्रीतल्या बहुतेक फिरण्याला नाही. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे इंजिन जिक्सर २५० मधले, २०१९ पासून बाजारात असलेले, ऑइल कूल्ड आणि म्हणून सोपे आहे. २६.५ पीएस ताकद महामार्गावर ताशी ९०-१०० किलोमीटरला पुरते, त्यापुढे मन थोडे मोठे करावे लागते. अपाचे आरटीएक्स ऑक्टोबर २०२५ मध्ये १ लाख ९९ हजार या सुरुवातीच्या किमतीत आली. ३६ पीएस ताकदीचे तिचे २९९ सीसी इंजिन हिमालयनच्या बरेच जवळ जाते आणि कराच्या रेघेखाली राहते. या वर्गाचे गणित सर्वाधिक बदलले ते हिनेच. एक्सपल्स २१० ला महामार्गापेक्षा पायवाट प्रिय. कच्च्या रस्त्यावर शिकायचे असेल तर तिच्याइतकी स्वस्त शिकवणी नाही.

नवे मॉडेल लगेच घ्यावे का?

घाई नसेल तर थांबावे. २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या हिमालयनच्या दर्जाबद्दल सुरुवातीला बऱ्याच तक्रारी झाल्या. २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शनचे रूप आले आणि पुढे तीच गाडी लांब पल्ल्याच्या प्रवाशांची आवडती झाली. पहिल्या वर्षाचे ग्राहक एका अर्थाने कंपनीसाठी चाचणीच घेत असतात, फक्त पैसे त्यांचे असतात. अपाचे आरटीएक्सचे इंजिन नव्याने बांधलेले आहे. त्यामुळे वर्षभर वापरलेल्या गाडीचा मालक भेटला तर त्याच्याशी केलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाच्या.

सर्व्हिस सेंटर कसे पारखायचे?

ब्रँडपेक्षा डीलर महत्त्वाचा, हे या वर्गात फार खरे आहे. रॉयल एनफील्डची देशभरात दोन हजारांहून अधिक विक्री केंद्रे आहेत आणि लहान गावातला मेकॅनिकही त्यांची जुनी इंजिने ओळखतो. पण हिमालयन ४५० चे लिक्विड कूल्ड इंजिन त्या जुन्या कुळातले नाही. म्हणून 'बुलेटवाला करेल' हा भरवसा इथे चालत नाही. केटीएम आणि ट्रायम्फची दालने मोठ्या आणि मध्यम शहरांत आहेत. सावंतवाडी किंवा गडचिरोलीच्या ग्राहकाने जवळचे केंद्र किती किलोमीटरवर, हे आधी मोजावे. होंडाची एनएक्स५०० पाहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की तिची सेवा 'बिगविंग' दालनांत होते, ॲक्टिव्हाच्या नेहमीच्या दुकानात नव्हे.

ट्रायम्फच्या ४०० गाड्यांना सर्व्हिस १६ हजार किलोमीटर किंवा वर्षाने लागते. हा मोठा फायदा, पण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याची सर्व्हिस वर्षानेच येणार.

शोरूममध्ये जायचेच तर शनिवारी सकाळी जावे आणि थेट मागच्या वर्कशॉपमध्ये डोकवावे. किती गाड्या सुट्या भागांची वाट पाहत उभ्या आहेत ते दिसते. काउंटरवर क्लच लिव्हर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर, रेडिएटर आणि चेन स्प्रॉकेट संच यांची किंमत आणि 'आत्ता आहे का' हे विचारावे. गाडी पडली की आधी लिव्हर तुटते आणि दोनशे रुपयांच्या भागासाठी तीन आठवडे गाडी उभी राहू शकते. मालकाला खरा राग येतो तो याचा, इंजिनातल्या बिघाडाचा नव्हे.

केटीएमच्या आर्थिक संकटाचा परिणाम?

ऑस्ट्रियातील केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली आणि तिथले उत्पादन काही महिने थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी पुनर्रचना मान्य केली. बजाज ऑटोने ८० कोटी युरोंची तजवीज केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचे नियंत्रण हाती घेतले. भारतातल्या ३९० मालिकेच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्याच कारखान्यात बनतात. ट्रायम्फच्या ४०० गाड्याही तिथल्याच. त्यामुळे सुटे भाग बंद होतील ही भीती या गाड्यांबाबत फारशी लागू नव्हती. ऑस्ट्रियातून आयात होणाऱ्या मोठ्या केटीएमची गोष्ट वेगळी.

सेवा नीट मिळाली नाही तर?

प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि प्रत ठेवावी. 'बघून देतो' हा पुरावा होत नाही. आवाज किंवा गळती असेल तर तारखेसह व्हिडीओ काढावा. डीलरने ऐकले नाही तर कंपनीला ईमेल, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तूसाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा असे तिघेही जबाबदार धरता येतात. गाडीची किंमत ५० लाखांच्या खूप आत असल्याने तक्रार जिल्हा आयोगात जाते. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. डीलर पुण्यात असला तरी चिपळूणच्या ग्राहकाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीचे शुल्क नाही आणि ती ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची, आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते.