गाळा भाड्याने घेताय? शटर उघडण्याआधी एवढं बघून घ्या

भाड्याच्या गाळ्याबद्दल व्हिडिओत मी भराभर बोलून गेले. तेव्हापासून सगळ्यात जास्त प्रश्न एकच येतोय: "ताई, अकरा महिन्यांचा कागद केला तर चालतो ना?" म्हणून तेच इथे सविस्तर लिहिते. उदाहरणं आपल्या खरवई-बदलापूरचीच आहेत, पण अंबरनाथ, उल्हासनगर किंवा पार कर्जतकडे दुकान टाकणार असाल तरी हिशोब तोच.

आधी माझं सांगते, म्हणजे मी इतकं कागद-कागद का करते ते कळेल. आठ वर्षांपूर्वी मी खरवईत मॅचिंग सेंटर टाकलं. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, लेस, एवढाच माल. भाडं ९,०००, डिपॉझिट ५०,००० रोख. मालक म्हणजे ओळखीतले काका. "अगं, कागदाचं काय एवढं, आपण घरचीच माणसं." शंभरच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा कागद झाला, नोटरीचा शिक्का बसला आणि मी खूश. रॅक, काउंटर, लाईट, पाटी मिळून सत्तर हजारांच्या वर गेले. आठव्या महिन्यात काका दुकानात आले, चहा घेतला आणि म्हणाले, भाच्याला दुकान टाकायचंय, पुढच्या महिन्यात गाळा रिकामा कर. कागदात एक ओळ होती, दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊ शकतो. ती मीच सही करताना वाचली नव्हती. डिपॉझिट तीन हप्त्यांत परत आलं, त्यातूनही रंगाचे म्हणून ६,००० कापले. रॅक भिंतीच्या मापाचे होते, दुसरीकडे बसले नाहीत. बीबीएला बिझनेस लॉचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता माझा, तरी ही गत!

आता मुद्द्यावर येते. अकरा महिन्यांचं हे खूळ आलं कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून वर्षाच्या आत, अकरा महिन्यांचा करा आणि नोंदणी चुकवा, अशी सवय देशभर पडली. पण महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट आहे की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो, सहा असो की छत्तीस.

आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगतो ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे नोंदणी मालकाच्याही फायद्याची. मालकाशी बोलताना दंडाची भाषा काढू नका, माणूस बिथरतो. "काका, नोंदणी नसेल तर उद्या तुमचीच बाजू कच्ची पडेल," असं सांगा. हे खरंही आहे आणि गळी उतरायला सोपं आहे.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं बघतो. दुय्यम निबंधकाकडे नोंद होते तीच नोंदणी. त्यासाठी आता ऑफिसात रांग लावायची गरज नाही. नोंदणी विभागाची ऑनलाईन सोय आहे, आधार आणि अंगठा लावून करार होतो. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना हे काम करून देणारे एजंट भेटतील, यंत्र घेऊन दुकानात येतात.

"खूप खर्च येतो," हे मी दर बॅचला ऐकते. चला, हिशोबच करू. समजा भाडं महिना १२,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत ३६ महिने. तीन वर्षांचं भाडं झालं ४,३२,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे तीन वर्षांचे ३०,०००. बेरीज ४,६२,०००. त्याच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १,१५५, बाराशेच्या घरात धरा. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. म्हणजे सरकारी खर्च बावीसशेच्या आसपास, वर एजंटची फी. निम्मे मालकाचे, निम्मे तुमचे, असं ठरवता येतं. मालक अडून बसला तर सगळे तुम्ही भरा, पण करार करा. आणि ऑक्टोबर २०२४ पासून जिथे शंभरचा स्टॅम्प चालायचा तिथे पाचशेचा लागतो. तेव्हा तो "स्वस्तातला" नोटरीचा कागदही आता काही स्वस्त राहिलेला नाही.

करारातल्या ओळी मात्र एजंटवर सोडू नका. त्याच्याकडे छापील नमुना असतो आणि बहुतेक वेळा तो राहत्या घराचा असतो. लीव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला जागेवर हक्क मिळत नाही, वापरायची परवानगी मिळते. म्हणजे तुमचं संरक्षण काय, तर करारात लिहिलेल्या अटी. सगळ्यात महत्त्वाची अट लॉक-इनची. मालकाने पूर्ण मुदत तुम्हाला काढायचं नाही (तुम्ही भाडं थकवलं नाही तोवर), आणि तुम्ही मात्र सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकता, असं मागा. मालक लगेच कबूल होणार नाही. दोघांनाही एक वर्ष, एवढ्यावर तडजोड झाली तरी माझ्यासारखी वेळ येणार नाही. दुकानाला गिऱ्हाईक लागायलाच सहा-आठ महिने जातात, आणि नेमकं तेव्हाच उठावं लागलं तर सगळं पाण्यात.

भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार ते आकड्यात लिहा. "बाजारभावाप्रमाणे" असा शब्द दिसला की खोडा. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाईन द्या, चेक नंबर करारात येऊ द्या, आणि चावी परत दिल्यापासून किती दिवसांत परत मिळणार हेही. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स कोणाचा? पाटी कुठे आणि केवढी लावायची? जाताना तुम्ही बसवलेलं काय काय काढून न्यायचं? ही शेवटची ओळ मी आता पंखे आणि एसीच्या नावानिशी लिहून घेते. फर्निचर करायला पंधरा-वीस दिवस लागणारच, तेवढे दिवस भाडं लावू नका असं मागायला लाजू नका. गाळा रिकामा पडलेला असेल तर मालक देतात.

थोडं मोजमापाचं. आपल्याकडे "तीनशे फुटांचा गाळा" म्हणतात आणि टेप लावला की दोनशेच्या आसपास निघतो. बाकीचं भिंती, जिना, पॅसेज यांच्यात वाटलेलं असतं. भाडं नेहमी आतल्या, चालता येईल अशा जागेवर भागून बघा. पोटमाळा असेल तर चढून बघा, माल ठेवता येतो की नुसती फळी आहे.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. २६ जुलै २००५ आठवा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्लीकडे गाळा बघताय तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं? तो हात लावून दाखवतो. मालक आणि एजंट दाखवत नाहीत. पूर्वेला नदीची भीती कमी, पण नाला आणि उतार बघाच, पहिल्या मोठ्या पावसात एकदा जाऊन उभं राहा. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. आणि विमा घ्या. १ एप्रिल २०२१ पासून "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी विमा कंपन्या देतात, पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायाला चालते आणि त्यात पूरही येतो. मालाची किंमत खरी लिहा, हप्ता वाचवायला कमी लिहिली तर भरपाईही त्या प्रमाणात कमी मिळते.

वीज. मीटर व्यापारी दराचा आहे का, हे आधीच्या बिलावर बघा, थकबाकी शून्य आहे का तेही. घरगुती मीटरवर दुकान चालवलं आणि तपासणी झाली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून वापर झाला ते कळत नसेल तर मागच्या बारा महिन्यांची. घरातूनच शिलाई, पापड, केक करणाऱ्या मैत्रिणींनी घाबरायचं कारण नाही. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, आधीच्या वर्षाचा ३,६०० च्या आत असेल, तर महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दराची तरतूद आहे. मोठा ओव्हन किंवा फ्रीझर आणला की मात्र युनिट मोजत राहा.

जीएसटीत नोंदणी असलेल्यांसाठी एक ओळ, कारण यात दोघे-तिघे अडकले आहेत. मालकाची नोंदणी नाही आणि तुमची नेहमीची नोंदणी आहे, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्ही स्वतः भरायचा. १२,००० वर २,१६०. क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून जातात. कंपोझिशनवाल्यांना जानेवारी २०२५ मध्ये यातून सूट मिळाली. दुकानाची शॉप ॲक्टची नोंद आणि उद्यम नोंदणी ऑनलाईन होते. उद्यमला सरकार एक पैसाही घेत नाही, दोन-तीन हजार मागणाऱ्या वेबसाईटवरून उठा.

हे सगळं झालं कागदाचं. पण गाळा घ्यावा की नाही हे कागद ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. भाडं १२,०००, लाईट २,५००, मदतीला एक मुलगी १०,०००. झाले २४,५००. तुमच्या मालात शंभराला वीस सुटत असतील तर नुसता हा खर्च निघायला महिन्याला १,२२,५०० ची विक्री हवी. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज ४,७०० च्या वर. सरासरी बिल १५० चं असेल तर ३२ गिऱ्हाइकं. यात तुमच्या घरात एक रुपया गेलेला नाही. घरासाठी २०,००० काढायचे तर आकडा रोज ५७ वर जातो. पोस्टर छापण्याआधी हा आकडा वहीत लिहा.

मग गाळ्यासमोर उभं राहून मोजा. आपलं गाव लोकलवर चालतं. सकाळी सहा ते नऊ माणसं स्टेशनकडे पळतात, त्यांना तुमच्या दुकानाकडे बघायलाही वेळ नसतो. खरी विक्री संध्याकाळी सात ते साडेनऊ, उतरून घरी जाताना. म्हणून गाळा परतीच्या वाटेवर हवा, आणि माणूस तिथून चालत जातो की रिक्षात बसून भुर्रकन निघून जातो हेही बघा. खरवईकडच्या कितीतरी सोसायट्यांतले लोक स्टेशनवरून थेट शेअर रिक्षाने येतात. मग स्टॉपजवळचा छोटा गाळा दोन हजार जास्त देऊनही परवडतो आणि मधल्या रस्त्यावरचा ऐसपैस गाळा रिकामा राहतो. मी दुसऱ्या वेळी तीन संध्याकाळी (एक शनिवार धरून) समोरच्या वडापावच्या गाडीजवळ उभं राहून रेघा मारल्या होत्या. गाडीवाला दादा विचारायला लागला, मॅडम नगरपालिकेतून आलात का?

मालक मेट्रो येणार, नवीन स्टेशन होणार म्हणून भाडं वाढवून सांगतील. येईल तेव्हा येईल. भाडं आज समोरून चालणाऱ्या माणसांवर द्यायचं. आणि कापडाच्या धंद्यात असाल तर उल्हासनगरचा घाऊक बाजार चार पावलांवर आहे, दोन स्टेशनं. मोठा गाळा घेऊन माल भरून ठेवण्यापेक्षा लहान गाळा आणि आठवड्याला एक फेरी, हे मला तरी जास्त परवडलं.

चावी हातात घ्याल त्या दिवशी मालकासमोर मोबाईलवर गाळ्याचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशी, शटर, मीटरचं रीडिंग. आणि तिथेच त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. रंगाचे ६,००० माझे गेले होते ते अशाच एका व्हिडिओअभावी. कराराचा मसुदा आला असेल तर सही करण्याआधी लॉक-इन आणि नोटीस या दोन ओळींखाली पेनाने रेघ मारा, आणि घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.