सोन्याच्या शिरेतील आर्सेनिक आणि विहिरीचे पाणी

सोने ज्या खडकात सापडते तेथे ते एकटे नसते. त्याच्या जोडीला लोखंड, गंधक आणि बऱ्याचदा आर्सेनिक असते. आपल्याला ऐकून माहीत असलेला विषारी सोमल हे आर्सेनिकचेच एक रूप होय. खडकात धातू एकदा बसले की ते तेथेच राहतात, असा आपला समज असतो. सोन्याच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. आर्सेनिक मात्र पाण्याबरोबर वाट धरते आणि ती वाट आपल्या विहिरीपर्यंत येऊ शकते.

कर्नाटकातील रायचूर व यादगीर भागाचे उदाहरण घेऊ. तेथे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी, जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर, गंधकयुक्त कढत पाणी खडकाच्या भेगांतून फिरत होते. त्यात विरघळलेले सोने खाली बसले आणि भेगा पांढऱ्या गारेने भरल्या. सोबत पायराइट (लोखंड व गंधक) आणि आर्सेनोपायराइट (त्यात आर्सेनिकही) ही खनिजे राहिली. साठा खोल व हवेपासून दूर होता तोवर ती स्वस्थ होती.

पुढे वरचा खडक झिजून गेला. पावसाचे पाणी प्राणवायू घेऊन भेगांत उतरू लागले. प्राणवायू लागताच ही खनिजे फुटतात. गंधकाचे आम्ल बनते, लोखंडाचा गंज होतो आणि आर्सेनिक सुटे होते. शिरेच्या माथ्यावरचा तांबूस, भुसभुशीत दगड म्हणजे हा गंजच. सुटलेले बरेचसे आर्सेनिक या गंजालाच चिकटून बसते, ही निसर्गाची मोठी सोय म्हणावी लागेल. पण ही पकड कायमची नसते. पाण्याचा सामू वाढला किंवा हवा न मिळणाऱ्या चिखलात गंज विरघळला, की आर्सेनिक पुन्हा पाण्यात उतरते.

सोनेही अगदी अल्प प्रमाणात हलते. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या मुळांनी सुमारे ३० मीटर खोलीवरून सोने शोषून पानांत आणल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. (पाने गोळा करून कोणी श्रीमंत होईल, एवढे ते नव्हे!)

अखंड कातळात हे सारे संथपणे चालते. खाणीतला दगड दळून त्याचे पीठ केले आणि ते उघड्यावर टाकले, की हवापाण्याला लागणारा भाग कितीतरी पटींनी वाढतो. यादगीर जिल्ह्यातील जुन्या मंगळूर सोन्याच्या खाणीच्या परिसरात (किनाऱ्यावरचे मंगळूर नव्हे) काय झाले ते पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विंधन विहिरींच्या ५९ नमुन्यांपैकी ७९ टक्के नमुन्यांत लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक आढळले. पिण्याच्या पाण्याची मर्यादा एवढीच आहे. सर्वाधिक आकडा ३०३ होता. तपासलेल्या १८१ लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या त्वचेवर विषबाधेच्या खुणा होत्या.

आपल्या राज्याचा बराचसा भाग काळ्या दगडाचा आहे. तेथे असे सोन्याचे साठे नाहीत. पूर्व विदर्भातील खडक मात्र जुने आहेत. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात भूजलात आर्सेनिक आढळलेले आहे. म्हणून या पट्ट्यातील बांधवांनी नवीन विंधन विहीर घेतल्यावर पाणी तपासून घ्यावे. नमुना देताना आर्सेनिकची तपासणी हवी असे अर्जात स्पष्ट लिहावे, कारण नेहमीच्या तपासणीत ती असतेच असे नाही. रंग, वास वा चव यांवरून आर्सेनिक ओळखू येत नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. घरातील माणसांच्या छातीपाठीवर काळेपांढरे ठिपके किंवा तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि त्या विहिरीचे पाणी पिणे लगेच थांबवावे.

असे पाणी भातखाचरात साठवून ठेवू नये. साचलेल्या चिखलात गंजाची पकड सुटते आणि भाताचे मूळ आर्सेनिक सहज उचलते.