पटिंगला वेळ द्या

पार ७२च्या गोल्फ मैदानावर प्रत्येक होलला पटिंगचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. १८ होलचे झाले ३६, म्हणजे निम्मा खेळ! तरीही सरावाला आलेला खेळाडू तासभर ड्रायव्हरच मारत बसतो आणि प्रशिक्षक त्याला अडवत नाहीत. हे बदलायलाच हवे.

लांबून पटिंग करताना चूक बहुधा दिशेपेक्षा अंतराची होते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. तरी जोरात आलेला चेंडू काठावरून निसटतो. म्हणून शिकवताना आधी होल विसरायला लावा. चेंडू ग्रीनच्या कडेला नेऊन थांबवायचा, एवढाच सराव. जवळून मारताना मात्र पटरची सपाट बाजू कुठे वळली आहे ते पाहा. चेंडूची दिशा मुख्यतः तीच ठरवते.