मोटारीची मागची फळी

मोटारीच्या मागच्या काचेखाली एक आडवी फळी असते. कुणी तिला ट्रे म्हणतात. तुम्ही पाहिलीच असेल. कुणी तिच्यावर गणपतीची मूर्ती ठेवतो, कुणी छत्री, कुणी नारळ. ही फळी मोडली तर घरी कशी करावी, ते आज पाहू.

अलीकडे खेड्यांत जुन्या मोटारी पुष्कळ आल्या आहेत. गिरणाऱ्याकडून नाशिकला येताना गंगापूर रोडवर सकाळी उभे राहा, म्हणजे दिसतील. जुनी गाडी घेतली की तिची मागची फळी बहुधा वाकलेली असते. कधी कधी तर नसतेच. जास्त माल बसावा म्हणून आधीच्या मालकाने ती काढून टाकलेली असते. नवी फळी दुकानात मिळेलच असे नाही. मारुती 800 ही गाडी 1983 साली निघाली अन् 2014 साली बंद झाली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 साली गेली. असल्या गाड्यांचे सामान आधी भंगारवाल्याकडे शोधावे. नाही मिळाले तर सुताराचे काम.

पण फळी हवीच कशाला? मागचा माल झाकला जातो, हे एक. दुसरे कारण मोठे आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आतल्या सुट्या वस्तूला ब्रेक नसतो. तासाला 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 36 फूट जाते. समोर शाळेचे पोर आडवे आले, तुम्ही करकचून ब्रेक दाबला, तर मागचा नारळ त्याच वेगाने पुढे येतो. पुढे कुणाचे डोके असते, ते तुम्हीच सांगा! म्हणून फळी घट्ट बसलेली हवी, अन् तिच्यावर जड काही नको. लहान मुलाला तर तिथे मुळीच बसवू नये.

आता लाकूड. पुष्कळ जण म्हणतात, जाड फळी टाका, मजबूत होईल. हे चूक आहे. सव्वातीन फूट लांब, दीड फूट रुंद अशी 6 मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी दीड-पावणेदोन किलो भरते. 18 मिलिमीटरची केली तर पाच किलोच्या आसपास जाते. सुटली तर तीच डोक्यात बसायची. म्हणून 6 मिलिमीटरच घ्यावी. ती मधे वाकू नये म्हणून खालून एक आडवी लाकडी पट्टी मारावी. पुठ्ठ्याची किंवा पातळ हार्डबोर्डची फळी ओलीने फुगते, उन्हाने वाकते. ओलीला टिकणाऱ्या प्लायवर ‘आयएस 710’ असा छाप असतो. तुम्हाला आता वाचता येते. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, छाप वाचा. अख्खा ताव घेऊ नये, तुकडा मागावा.

करवत लावण्याआधी पुठ्ठ्याचा फर्मा करावा. जुनी फळी असेल तर तिच्यावरूनच आखावा. नसेल तर गाडीत पुठ्ठा धरून थोडा थोडा कापत जावा. डाव्या बाजूचे माप उजव्या बाजूला चालेल असे समजू नये. ठोकाठोकी झालेल्या गाडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो, प्लायला पैसे पडतात. रेक्झिनची जाडी धरून फळी चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कमी कापावी. मूळ फळीला पट्ट्यासाठी खाच असेल, हवेसाठी भोके असतील, तर नवीलाही ठेवावीत.

कडा काचकागदाने घासाव्यात अन् त्यांना रंगाचा हात द्यावा. पाणी कडेतूनच शिरते. मग वरून काळे किंवा गडद रेक्झिन चिकटवावे. पांढऱ्या, चकचकीत फळीचा उजेड मागच्या काचेत पडतो अन् आरशात मागचे नीट दिसत नाही. सोल्युशन फळीला अन् रेक्झिनला दोन्हीकडे लावावे. बोटाला चिकटेनासे झाले की दाबावे. हे काम उघड्यावर करावे, अन् विडी लांब ठेवावी, बरं का. सोल्युशनची वाफ पेट घेते.

राहिले बसवणे. डिकी वेगळी असेल तर फळी मूळच्या भोकांत स्क्रूने आवळावी. मागचे दार वर उघडणारी गाडी असेल तर फळी दोन्ही बाजूंच्या खाचांत अडकलीच पाहिजे. बहुतेक गाड्यांत तिला दोन दोऱ्या असतात, म्हणजे दाराबरोबर ती वर उचलली जाते. या दोऱ्या फक्त उचलण्यासाठी आहेत. त्या फळीला धरून ठेवत नाहीत. शेवटी मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवून दोन-तीन वेळा ब्रेक दाबून पाहावा. फळी जागची हलली तर खाच पुन्हा नीट करावी. नुसतीच खडखडली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडेखाली चिकटवावी.