दवाखान्यातील वाय-फाय : निदान आधी, खरेदी नंतर

बेळगावहून चोर्लामार्गे गोव्याकडे जाताना खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. तेथील जांभ्या दगडाच्या एका जुन्या घरात मी आठवड्यातून एकदा बालरुग्ण तपासतो. मुलांचे वजन, दिलेल्या लसी, न सोसणारी औषधे या नोंदी आता संगणकावर असतात.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात एक माता कानदुखीने रडणारे मूल घेऊन आली. म्हणाली, ‘‘डॉक्टर, मागं एका औषधानं ह्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, नाव काही आठवत नाही.’’ नाव नोंदीत होते. परंतु तपासणीच्या खोलीत वाय-फाय पोहोचेना. अखेर लॅपटॉप घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेलो. पडद्यावर नाव उमटले : ॲमॉक्सिसिलिन. मी तेच लिहून देण्याच्या बेतात होतो.

त्या सायंकाळी सर्वांत शक्तिमान यंत्र विकत घेण्याचे मी ठरविले. सुदैवाने नात्यातील एका अभियंत्याने मला अडविले. त्याचे म्हणणे असे, की वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. ॲक्सेस पॉइंट कितीही मोठ्याने बोलला, तरी मोबाईलचा क्षीण आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. आपणा डॉक्टरांना हे वेगळे सांगावयास नको!

दोष भिंतींचा होता. जाड दगडी भिंत, त्यात पावसाळी ओल. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीत लवकर क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक आत शिरतात. मात्र त्यांचा वेग कमी आणि एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. म्हणून एका बलाढ्य यंत्राऐवजी आम्ही वाय-फाय ६ प्रकारचे दोन मध्यम ॲक्सेस पॉइंट घेतले. एक नोंदणीच्या मेजाजवळ, दुसरा तपासणीच्या खोलीत छताला. दोघांचे चॅनेल वेगळे ठेवले. दोन्ही केबलने स्विचला जोडले. कारण बिनतारी रिपीटर दुबळा संदेशच पुढे ढकलतो आणि वेगही घटवितो. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ सोयीमुळे वीजही तीतूनच जाते. त्यामुळे राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर घेतले, की वीज गेली तरी काम थांबत नाही.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. यंत्रात डब्ल्यूपीए ३ सुरक्षा आहे काय, आणि कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरविणार? प्रतीक्षागृहातील पालकांना वाय-फाय द्यावयाचे झाल्यास ते स्वतंत्र ‘गेस्ट’ जाळ्यावर द्यावे. रुग्णांच्या नोंदींचे जाळे त्यापासून अलग राहिले पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. आपली गोपनीयतेची शपथ त्याहून कितीतरी जुनी आहे.

आता नोंद रुग्णाच्या खाटेशीच उघडते. तरीही त्या दिवसापासून एक नियम मी पाळतो : न सोसणाऱ्या औषधाचे नाव मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर लाल शाईने लिहून आईच्या हाती देतो. जाळे कधी ना कधी बंद पडणारच. त्या दिवशी ते कार्ड उपयोगी पडेल.