सापाबरोबर आणखी कोण आलं?

"मामा, दुकानदार म्हणतो एकदम निरोगी आहे!"

माझा भाचा आठवीत आहे. कुणीतरी त्याला विकाऊ बॉल पायथनचा फोटो दाखवला होता आणि तेव्हापासून स्वारीने घर डोक्यावर घेतलं होतं.

"निरोगी आहे हे दुकानदाराला कुणी सांगितलं? सापाने?" मी विचारलं. स्वारी गप्प.

दोस्तांनो, तुमच्यापैकीही काहीजणांच्या मनात अशी हौस असेल. म्हणून कायद्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे आई-बाबांचा जीव भांड्यात पडेल. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप पकडणं, विकणं किंवा घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला. पण असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. बिनपावतीचा, बिनकागदाचा साप म्हणजे विकतचं दुखणं.

पण माझा मुद्दा कायद्याचा नव्हताच. मुद्दा होता तो 'निरोगी' या शब्दाचा. आणि तो पटवायला मदत केली एका धामणीने.

जुलैचा महिना. पाऊस नुकताच धरला होता. आपल्या संभाजीनगरात, जुन्या मोंढ्याच्या बाजूला, एका गोदामाच्या मागे नायलॉनच्या जाळीत एक मोठी धामण अडकली. ओळखीच्या सर्पमित्राने जाळी कापून तिला सोडवलं, वनखात्याला कळवलं आणि जखम झाली होती म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी भाच्याला घेऊन तिथे गेलो. धामण बिनविषारी असते, पण चावते कडकडून. तेव्हा आम्ही आपले दारातच उभे!

मला वाटलं, डॉक्टर आधी जखम बघतील. त्यांनी आधी टेबलावर पांढरी स्वच्छ चादर अंथरली. "हिच्याबरोबर आणखी कोण कोण आलंय ते बघू," म्हणाले.

सर्पमित्राने धामण धरली आणि डॉक्टर बॅटरीच्या उजेडात डोक्यापासून शेपटीपर्यंत एकेक खवला पाहू लागले. मानेजवळ एक खवला जरा तिरपा दिसत होता. तो खवला नव्हताच. तो होता गोचीड! गाई-म्हशींच्या अंगावर असतात त्यांच्याच जातकुळीतला, पण सापाच्या खवल्याखाली चपटा होऊन असा काही बसलेला की सहज बघणाऱ्याला दिसूच नये. घोरपड, नाग, धामण यांच्या अंगावर असे गोचीड नेहमी आढळतात. डॉक्टरांनी चिमट्याने त्याला अगदी कातडीजवळ धरलं आणि हळूहळू सरळ वर ओढलं. हिसका दिला तर गोचिडाचं तोंड आतच तुटून राहतं आणि तिथे पू होतो. एक, दोन करत सात निघाले. सगळे स्पिरिटच्या बाटलीत.

मग चादर बघितली. तिच्यावर काळे ठिपके फिरतायत का, हे पाहायचं होतं. सापाच्या अंगावर माइट नावाचा एक किडा होतो. कोळी आणि गोचीड यांच्या नात्यातला, खसखशीच्या दाण्याहून लहान, रक्त पिऊन काळा झालेला. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. त्या खवल्याच्या कडेला किंवा हनुवटीखाली हे किडे दडतात. अंग चुरचुरतं म्हणून साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो. मालकाला वाटतं, उकडत असेल बिचाऱ्याला! भांड्याच्या तळाशी बुडालेले काळे कण मात्र कुणी बघत नाही.

आमच्या धामणीच्या चादरीवर ठिपका नव्हता. तरी तिला स्वतंत्र खोलीत ठेवलं. भांडं वेगळं, चिमटा वेगळा, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी. प्राणिसंग्रहालयातही हीच पद्धत असते. सिद्धार्थ उद्यानात तुम्ही काचेआडचे साप पाहिले असतील. पण नवा आलेला प्राणी असा थेट जुन्यांच्या शेजारी ठेवायचा नसतो. माइट अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालण्याजोगा व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. त्यामुळे आज एकही दिसला नाही, याचा अर्थ फक्त 'आज दिसला नाही' एवढाच! आणि अंडी सापावर नसतातच, ती असतात पेटीच्या फटींत.

माझ्या ओळखीचे एक हौशी गृहस्थ आहेत, दुसऱ्या शहरातले. त्यांनी नवा बॉल पायथन आणला आणि जुन्याच्या पेटीशेजारी ठेवला. महिन्याभरात दोघांच्या अंगावर माइट. नवा वाचला. सहा वर्षं सांभाळलेला जुना मात्र रक्त कमी होऊन गेला. ते अजूनही त्याबद्दल बोलताना मान वर करत नाहीत.

हे झालं बाहेरचं. पोटातलं कसं कळणार? त्यासाठी लागते सापाची ताजी विष्ठा. साप काही रोज शी करत नाही! भाचा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "डॉक्टर, झाली का?" घरात सगळे हसून बेजार. नवव्या दिवशी झाली.

मिठाच्या पाण्यात कोंबडीचं अंडं तरंगतं, हा प्रयोग तुम्ही केला असेलच. डॉक्टरांनी तेच केलं. आणखी मीठ विरघळणारच नाही इतकं खारट पाणी, त्यात विष्ठा कालवली, गाळली आणि नळी काठोकाठ भरून वर काच ठेवली. जंतांची अंडी हलकी, ती वर येऊन काचेला चिकटतात. मग सूक्ष्मदर्शक! यातही गंमत आहे. कधी कधी दिसणारी अंडी सापाच्या जंतांची नसतातच. सापाने गिळलेल्या उंदराच्या पोटातली असतात. ती ओळखता आली नाहीत तर उंदराच्या रोगावर सापाला औषध!

धामणीच्या पोटात जंतांची थोडी अंडी निघाली. "आता औषध देणार?" भाच्याने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "हिची जखम भरत आलीय. चार दिवसांत ही शिवारात जाईल."

आम्ही दोघंही चकित. मग त्यांनी समजावलं. रानातल्या सापाच्या अंगात थोडेफार जंत असतातच. साप आज इथे शी करतो आणि उद्या पुढच्या बांधावर असतो. अंडी मागेच राहतात. गोचीड पोट भरलं की गळून पडतो, तोवर साप निघून गेलेला असतो. पेटीतला साप कुठे जाणार? जे अंगावरून पडलं तेच पुन्हा अंगावर चढतं, जे पोटातून पडलं तेच पुन्हा पोटात जातं. त्यातून प्रवासाचा धसका, नवी जागा, उपासमार. साप अशक्त होतो आणि रानात शेपन्नास असलेले किडे पेटीत हजारो होतात. म्हणून तपासणीची खरी गरज असते ती विकत आणलेल्या, कोंडलेल्या सापाला.

"मग मी घरी औषध आणून ठेवीन," भाच्याने शेवटचा प्रयत्न केला.

तेव्हा डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनची गोष्ट सांगितली. ज्या औषधाच्या शोधासाठी जपानचे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं, ते हे. गुरांना देतात, सापालाही वजन करून, मोजून देता येतं. पण तेच कासवाला दिलं तर कासव मरू शकतं. उलट कासवाच्या पोटात एक अमीबा असतो, कासवाला काही त्रास न देणारा. तो पाण्यातून सापाच्या पोटात गेला तर साप दगावतो. दोघंही सरपटणारे, पण एकाचं भांडं दुसऱ्याला चालत नाही.

निघताना भाच्याला साबणाने दोनदा हात धुवायला लावले. सापाला हात लावला नव्हता तरीही! सापांच्या अंगावर आपलं पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात, आणि टेबलाला तर त्याने हात लावलाच होता.

धामण पाचव्या दिवशी वनखात्याच्या माणसांसमोर सोडली. गवतात शिरताना तिने एकदाही मागे बघितलं नाही. भाचा मात्र बराच वेळ तिकडेच बघत होता. हल्ली तो बॉल पायथनचं नाव काढत नाही. आता त्याला सूक्ष्मदर्शक हवा आहे, आणि ती गोचिडांची बाटली त्याच्या टेबलावर आहे. ताई त्या खोलीत केर काढायला जात नाही.